प्रकल्प नोंदी: फिरत्या नेटवर्कमध्ये कोणाच्या भरवशावर पॅकेट सोडायचं

८ जुलै २०२४

विषय एकदाचा पक्का झाला. मोबाइल ॲड हॉक नेटवर्कमध्ये शेजारच्या नोडवर (म्हणजे नेटवर्कमधल्या यंत्रावर) विश्वास ठेवायचा की नाही, हे त्याच्या वागणुकीवरून ठरवायचं. गाईड मॅडमनी पहिल्याच बैठकीत कात्री लावली. राउटिंग एकच, एओडीव्ही (गरज पडली की वाट शोधणारी पद्धत). हल्ले दोनच, ब्लॅकहोल (खोटी वाट सांगून सगळी पॅकेट गिळणारा) आणि ग्रेहोल (त्यातली काहीच गिळणारा). सिम्युलेटर एनएस-३. बाकीचं सगळं अहवालातल्या 'मर्यादा' या प्रकरणात ढकलायचं. जोडीदाराला त्यात मशीन लर्निंग घालायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "आधी पुरावा कुठून येतो ते दाखवा, मग त्यावर काय चालवायचं ते बघू." तो गप्प बसला, पण पटलेलं दिसत नाही.

या नोंदी पुढच्या वर्षीचा गट वाचेल म्हणून पाया लिहून ठेवतो. इथे टॉवर नाही, ॲक्सेस पॉइंट नाही. प्रत्येक यंत्र स्वतःच राउटर. माझं पॅकेट लांबच्या माणसापर्यंत जायचं तर मधल्या दोन-तीन अनोळखी यंत्रांनी ते पुढे ढकलायला हवं. कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डार्पाने, १९७० च्या दशकातच पॅकेट रेडिओवर काम केलं होतं. जानेवारी १९९९ च्या आरएफसी २५०१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात या नेटवर्कची लक्षणं दिली आहेत: रचना सतत बदलते, बँडविड्थ तुटपुंजी, बॅटरी मर्यादित आणि भौतिक सुरक्षा कमकुवत. आमच्या प्रकल्पाचं मूळ या शेवटच्या लक्षणात आहे.

मग सही-शिक्के वापरून काम का भागत नाही? एओडीव्हीची सुरक्षित आवृत्ती आहे, एसएओडीव्ही. तिच्यात न बदलणाऱ्या भागावर डिजिटल सही असते आणि हॉप काउंट (वाटेतल्या टप्प्यांची संख्या) कोणी कमी करू नये म्हणून हॅश साखळी. राउटचा निरोप कोणी पाठवला आणि वाटेत कोणी खाडाखोड केली का, एवढं त्यातून कळतं. पण ज्याची किल्ली खरी आहे, सही बरोबर आहे, आणि जो राउट मिळाल्यावर डेटा गुपचूप गिळतो, त्याचं काय करायचं? घरभेद्याला कुलूप आडवं येत नाही. आमचं काम तिथून सुरू होतं.

१२ जुलै

वाचन. 'वॉचडॉग आणि पाथरेटर' हा मोबिकॉम २००० या परिषदेतला मार्टी, जूली, लाय आणि बेकर यांचा पेपर आज पूर्ण झाला. चोवीस वर्षं जुना आहे, तरी नंतरचे निम्मे पेपर त्याच्याच खांद्यावर उभे आहेत. कल्पना सरळ: 'अ' ने 'ब' ला पॅकेट दिलं की 'अ' कान उघडे ठेवून बसतो. रेडिओ चहूकडे पसरतो, त्यामुळे 'ब' ने तेच पॅकेट 'क' ला पाठवलं तर ते 'अ' ला ऐकू यायला हवं. ठरावीक वेळेत ऐकू आलं नाही की 'ब' च्या नावावर एक खूण. खुणा वाढल्या की 'ब' बदनाम.

पाथरेटर त्यावरून वाटांना गुण देतो. अनोळखी नोड ०.५ पासून सुरू होतो, चालत्या वाटेवर असला तर हळूहळू चढतो, ०.८ च्या वर जात नाही, आणि गैरवर्तनी ठरला तर थेट उणे १००. पेपरमध्ये ४० टक्के नोड वाईट असताना थ्रूपुट (प्रत्यक्ष पोचलेला डेटा) १७ टक्क्यांनी वाढल्याचं म्हटलंय. किंमत म्हणून जादा प्रसारणाचं प्रमाण ९ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं. मला या आकड्यांपेक्षा त्यांनी स्वतःच दिलेली अडचणींची यादी मोलाची वाटली: 'अ' पाशी पॅकेटांची हवेत टक्कर झाली, 'क' पाशी टक्कर झाली, 'ब' ने मुद्दाम कमी शक्तीने पाठवलं, खोटा आरोप, दोघांची मिलीभगत, आणि मर्यादेच्या आत राहून थोडी थोडी गळती. पुढचे लोक पेपरचं नाव देतात आणि ही यादी सोडून देतात.

एक गंमत. पाथरेटरमध्ये वाईट नोडला शिक्षाच नाही. त्याला फक्त वाटेतून वगळतात. म्हणजे दुसऱ्यांचं ओझं टळलं, बॅटरी वाचली, आणि त्याची स्वतःची पॅकेट मात्र बाकीचे वाहतातच. आळशाला याहून चांगलं काय हवं? बुखेगर आणि ल बुदेक यांच्या २००२च्या कॉन्फिडंट पद्धतीने म्हणूनच अशा नोडची पॅकेटही नाकारायची सोय केली. त्याच वर्षीच्या मिकियार्दी आणि मोल्व्हा यांच्या कोअर पद्धतीत पत मिळवली तर सेवा मिळते.

१८ जुलै

आधाररेषा, म्हणजे तुलनेसाठीची मूळ फेरी, उभी करायला घेतली. एनएस-३ सोबत राउटिंगच्या तुलनेचं तयार उदाहरण येतं: ५० नोड, ३०० बाय १५०० मीटरचं मैदान, २०० सेकंद, रँडम वेपॉइंट हालचाल (कुठलंही ठिकाण आणि वेग निवडून तिकडे जायचं, मग पुढचं), कमाल वेग सेकंदाला २० मीटर. सगळे तेच उचलतात. २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. दीड किलोमीटरच्या पट्टीत पन्नास माणसं एक्स्प्रेसवेच्या वेगाने उलटसुलट धावताहेत, असं आपत्तीचं कुठलं दृश्य असतं ते मला कळलेलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे किमान वेग शून्य आहे. यून, लिऊ आणि नोबल यांनी २००३मध्येच दाखवून दिलं होतं की किमान वेग शून्य ठेवला तर नोड हळूहळू रांगायला लागतात आणि सरासरी वेग घसरतच जातो. कारण साधं आहे. एखाद्याला सेकंदाला ०.१ मीटर वेग मिळाला आणि १००० मीटर जायचंय, तर त्याला १०,००० सेकंद लागतील. २०० सेकंदांच्या सिम्युलेशनमध्ये तो त्याच प्रवासात अडकून राहतो आणि असे रांगणारे साठत जातात. विश्वासाच्या अभ्यासात हे जास्तच घातक, कारण शेजारी टिकून राहिले की पुरावा भरपूर गोळा होतो आणि आपली पद्धत उगाच हुशार दिसते.

आम्ही सेकंदाला १ ते ५ मीटर ठेवलं, म्हणजे चालण्यापासून सावकाश गाडीपर्यंत. मैदान १००० बाय १००० मीटर. हालचालीसाठी एनएस-३ मधलं स्थिरावस्थेपासून सुरू होणारं मॉडेल.

२३ जुलै

ब्लॅकहोल. एओडीव्हीमध्ये वाट शोधताना सगळीकडे राउट रिक्वेस्ट पसरते. ज्याच्याकडे ताजी वाट आहे तो राउट रिप्लाय देतो. ताजेपणा ठरतो गंतव्याच्या सीक्वेन्स नंबरवरून, म्हणजे वाढत जाणाऱ्या क्रमांकावरून. हल्लेखोराने फक्त मोठा नंबर टाकून 'माझ्याकडे सर्वांत ताजी वाट आहे' म्हणायचं, की रहदारी त्याच्याकडे वळते.

जोडीदाराने नेटवरून मिळालेला नमुना कोड आणला. त्यात सगळीकडे फिरणारा तो प्रसिद्ध आकडा: ४२९४९६७२९५, म्हणजे ३२ बिटांतला सगळ्यात मोठा. एनएस-२ या जुन्या सिम्युलेटरवर हा हल्ला हमखास चालतो, कारण तिथे दोन नंबरांची थेट तुलना होते. एनएस-३ वर मात्र निकाल विचित्र आला. काही प्रवाह पूर्ण गिळले गेले, काहींना धक्काही लागला नाही. दिवसभर कोड उकरल्यावर उत्तर एओडीव्हीच्या आरएफसी ३५६१ मध्येच सापडलं. नंबर फिरून पुन्हा शून्यावर येऊ शकतो, म्हणून मानक सांगतं की वजाबाकी करा आणि उत्तर चिन्हासह ३२ बिटांत वाचा. टेबलात १२ असेल आणि हल्लेखोराने ४२९४९६७२९५ सांगितलं, तर उत्तर येतं उणे १३. म्हणजे हल्लेखोराचा 'सगळ्यात ताजा' नंबर प्रत्यक्षात शिळा ठरतो. ज्यांच्या टेबलात आधी वैध नंबर नव्हता तेवढेच फसले.

पुढे जाण्याची कमाल झेप २१४७४८३६४७ इतकी. पण एवढी झेप घ्यायचीच कशाला? रिक्वेस्टमध्ये शेवटचा माहीत असलेला नंबर लिहिलेलाच असतो. आम्ही त्यात थोडीशी भर घालून उत्तर देणारा हल्लेखोर बनवला. तो प्रत्येक वेळी चालतो, आणि अवाच्या सवा नंबर दिसला की घंटा वाजवणाऱ्या पद्धतींना तो दिसतही नाही. अहवालात या दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायच्या.

२५ जुलै

कॉलेज बंद. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये शिरलं. मावशी तिथून जवळच राहते. दुपारपर्यंत फोन लागेना, मग लागला. सगळे ठीक.

संध्याकाळी डोक्यात प्रकल्पच. समजा इथे खरंच असं नेटवर्क उभं केलं. अग्निशमन दलाची यंत्रं आधी नोंदवता येतील, त्यांना किल्ल्या देता येतील. पण गल्लीतला जो मुलगा होडीवर चढून मदत करतोय, त्याचा फोन तासाभरापूर्वी कोणाला माहीत होता? त्याला सुरुवातीला किती गुण द्यायचे? ०.५ दिले तर पकडला गेलेला हल्लेखोर आपला मॅक पत्ता (यंत्राची नेटवर्कवरची ओळख) बदलून पुन्हा ०.५ वर हजर. एका कमांडचं काम. शून्य दिले तर त्या मुलाचा फोन कोणी वापरणारच नाही, आणि वापरल्याशिवाय त्याचे गुण वाढणार नाहीत. फ्रीडमन आणि रेझनिक यांनी २००१ साली यावर लिहिलंय: टोपणनाव फुकट असेल तर नवख्याला संशयाची किंमत मोजावीच लागते. कुणाच्या तरी सहीने ओळख बांधल्याशिवाय विश्वासाचे गुण तरंगतेच राहतात. आम्ही प्रकल्पापुरतं 'ओळख पक्की आहे, वागणूक नाही' असं गृहीत धरलंय. ही मोठी सूट आहे, आणि ती पहिल्याच पानावर लिहिणार.

५ ऑगस्ट

गुण मोजायचं सूत्र ठरलं. बीटा वितरणावरचं, योसांग आणि इस्माईल यांचं २००२चं. चांगल्या नोंदी r, वाईट नोंदी s, तर विश्वास = (r + १) ÷ (r + s + २). काहीच नोंद नाही तेव्हा ०.५. साधं आहे, बोर्डावर एका ओळीत सिद्ध करता येतं आणि व्हायव्हात सांभाळता येतं.

पण असंच वापरलं तर जुनी पुण्याई संपता संपत नाही. एखाद्याने २०० पॅकेट इमानदारीने पोचवली आणि मग सगळी गिळायला सुरुवात केली, तर त्याचे गुण ०.५ च्या खाली यायला २०१ पॅकेट बळी जावी लागतात. म्हणून विसर हवा. प्रत्येक नव्या नोंदीआधी जुन्या बेरजांना λ ने गुणायचं. λ = ०.९८ ठेवला तर स्मृती ५० नोंदींएवढी, कमाल गुण ५१ भागिले ५२, म्हणजे ०.९८, आणि फितुरी सुरू झाल्यावर ३५ व्या पॅकेटला तो ०.५ खाली उतरतो. λ = ०.९ असेल तर स्मृती १० नोंदींची आणि सातव्या पॅकेटलाच उतरतो.

जोडीदार म्हणाला मग ०.९ च घेऊ. थांब म्हटलं. समजा प्रामाणिक नोडचीही पाचातली एक पुढची पाठवणी आपल्याला ऐकू येत नाही. λ = ०.९ वर त्याचे सरासरी गुण ०.७५. दर तिसरं पॅकेट गिळणाऱ्याचे ०.५३. अंतर बरं दिसतं, पण बीटाचं प्रमाण विचलन तिथे ०.१२ च्या वर आहे. म्हणजे प्रामाणिक माणूस वाईट नशिबाने खाली घसरणार आणि लबाड चांगल्या नशिबाने वर तरंगणार. λ = ०.९८ वर तेच आकडे ०.७९ आणि ०.५३ होतात, आणि विचलन ०.०६ च्या आसपास. लवकर पकडायचं की खात्रीने पकडायचं, दोन्ही एकदम मिळत नाही. ०.९८ ठेवला.

आणि विसर हत्यार दुधारी आहे. ज्या वेगाने गुण उतरतात त्याच वेगाने चढतात. थोडं गिळायचं, थोडं पोचवायचं असा खेळ करणारा बदनामीच्या मर्यादेच्या जरा वर आरामात बसून राहतो. त्यामुळे वाईट नोंदींचा विसर चांगल्यांपेक्षा हळू ठेवला.

१४ ऑगस्ट

वॉचडॉगसह पहिली मोठी फेरी. हल्लेखोर शून्य. फक्त प्रामाणिक नोड, रहदारी हळूहळू वाढवत नेलेली. प्रत्येक पद्धतीची ही पहिली परीक्षा असायला हवी, असं मला आता वाटतं.

कमी रहदारीत सगळे ०.९ च्या वर. रहदारी वाढली तशी बदनामी सुरू झाली आणि तिला आकार होता. मैदानाच्या मधोमध असणारे नोड सगळ्यात आधी पडले. रँडम वेपॉइंटमध्ये नोड मध्यभागी दाटतात, वाटाही तिथूनच जातात, म्हणून टकराही तिथेच जास्त. जो सगळ्यात जास्त ओझं वाहतो त्याचेच गुण सगळ्यात कमी. आणि पुढचा भाग आणखी वाईट: तो बदनाम झाला की रहदारी त्याच्या शेजाऱ्याकडे वळते, तिथे गर्दी होते, मग शेजारी बदनाम. एकही शत्रू नसताना नेटवर्क स्वतःच स्वतःला खात बसलं होतं.

विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा चालू असताना 'तू मला हाक मारलीच नाहीस' म्हणून मित्राशी भांडावं, तसं चाललंय हे. हाक मारली होती की नाही हे त्या गोंगाटात ठरवताच येत नाही.

मॅडमना आलेख दाखवले. त्या म्हणाल्या, "सूत्रात काही खोट नाहीये रे. सूत्राला तुम्ही काय भरवताय ते बघा."

२२ ऑगस्ट

भरवण्याकडे बघितलं. वॉचडॉग मुळात डीएसआर या दुसऱ्या राउटिंग पद्धतीवर बसवलेला होता. तिथे पूर्ण वाट पॅकेटच्या माथ्यावर लिहिलेली असते, त्यामुळे 'ब' ने कोणाला द्यायला हवं हे 'अ' ला माहीत असतं. एओडीव्हीत 'अ' ला फक्त 'ब' ठाऊक. 'ब' ने अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यावर पॅकेट फेकलं तरी 'अ' ला ऐकू येतं आणि 'अ' खूश. म्हणून राउट रिप्लायमध्ये पुढच्या हॉपचं नाव जोडणारं एक क्षेत्र वाढवलं. 'ब' त्यात खोटं बोलू शकतो. त्यावर पुढे बघू.

दुसरं, मुदत. 'ब' ची रांग भरलेली असेल तर तो पॅकेट उशिरा पाठवतो, पण पाठवतो. मुदत छोटी ठेवली तर तोही चोर ठरतो. मुदत मोठी केली तर 'अ' ला तोपर्यंत पॅकेटची प्रत सांभाळावी लागते आणि बफर फुगतो. पूर्ण प्रतीऐवजी प्रत्येक पॅकेटचा हॅश ठेवला, ते ओझं उतरलं.

तिसरं, 'ब' ची पुढची लिंक तुटली तर तो राउट एरर पाठवतो. तो ऐकू आला तर ती वाईट नोंद धरायची नाही. अर्थात लबाड नोड दर थोड्या वेळाने खोटा राउट एरर फेकेल, म्हणून त्यांचीही मोजदाद.

३० ऑगस्ट

शिफारशी घ्यायच्या का? म्हणजे 'क' बद्दल 'ब' काय म्हणतो ते 'अ' ने ऐकायचं का? कॉन्फिडंट वाईट बातम्या पसरवू देतो, त्यातून खोटी बदनामी शक्य होते. कोअर फक्त चांगल्या बातम्या स्वीकारतो, त्यातून टोळीने एकमेकांची वाहवा करणं शक्य होतं. बुखेगर आणि ल बुदेक यांनी नंतर मधली वाट काढली: दुसऱ्याचं मत आपल्या स्वतःच्या मतापासून फार लांब असेल तर ते सोडून द्यायचं. चांगली युक्ती आहे, पण आपलं स्वतःचं मत तयार व्हायच्या आधीच शिफारशीची खरी गरज असते, आणि तेव्हा ताडून बघायला हातात काहीच नसतं.

आमचा निर्णय: शिफारशी नाहीत. १४ तारखेचे आलेख बघितल्यावर धीर होत नाही. माझ्याच कानांचा भरवसा नाही तर चौघांच्या ऐकीव गोष्टी मिसळून काय मिळणार?

४ सप्टेंबर

रिव्ह्यू झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ब्लॉकचेन का नाही असं विचारलं. सगळ्यांचं एकमत लागतं आणि ते होईपर्यंत शेजारीच बदललेले असतात, असं उत्तर दिलं. मान डोलावली. शनिवारी गणपती, आता दहा दिवस लॅबमध्ये कोणी दिसणार नाही.

१९ सप्टेंबर

खरं मैदान. कॉलेजच्या ग्राउंडवर तीन रास्पबेरी पाय, यूएसबी वायफाय डोंगल आणि पॉवर बँक. पायच्या अंगच्या वायफायला मॉनिटर मोड (दुसऱ्यांमधलं प्रसारण ऐकण्याची सोय) मुळात नाही, त्यामुळे डोंगल लागतोच. राउटिंग प्रोटोकॉल चालवला नाही. हाताने बांधलेली वाट, अ ते ब ते क. प्रश्न एकच: 'ब' ची 'क' कडे जाणारी पाठवणी 'अ' ला ऐकू येते का?

'क' ला 'ब' च्या अगदी जवळ ठेवलं, 'अ' ला लांब. 'ब' चा हॅलो ('मी इथे आहे' सांगणारा छोटा निरोप) 'अ' ला व्यवस्थित येत होता. डेटा मात्र भराभर निसटत होता. कारण लॉगमध्ये सरळ दिसलं. हॅलो ब्रॉडकास्ट असतो, तो सगळ्यात कमी दराने जातो आणि लांबवर पोचतो. 'क' जवळ असल्यामुळे 'ब' चा ड्रायव्हर त्याच्यासाठी वरचा दर निवडतो, आणि तो दर 'अ' च्या अंतरावर उलगडतच नाही. 'ब' बिचारा नियमाप्रमाणे, उलट जास्त कार्यक्षमतेने काम करत होता. दर १ एमबीपीएसला बांधल्यावर 'अ' ला जवळपास सगळं ऐकू यायला लागलं. हॅलो पोचतो पण डेटा पोचत नाही अशा करड्या पट्ट्यांबद्दल लुंडग्रेन, नूर्डस्ट्रॉम आणि चुडिन यांनी २००२मध्येच लिहिलं आहे. तिथे प्रश्न वाटेचा होता, इथे साक्षीचा.

ज्या सिम्युलेशनमध्ये सगळी पॅकेट एकाच दराने जातात, तिथे हे कधी दिसणारच नाही. आमच्यातही दिसलं नव्हतं, सगळीकडे ११ एमबीपीएस होतं.

अजून एक. लिंकवर प्रत्येक जोडीची वेगळी किल्ली लावली, म्हणजे आजकालचं नेहमीचं वायफाय एन्क्रिप्शन, तर 'अ' ला फ्रेम (पॅकेट वाहून नेणारा रेडिओवरचा तुकडा) गेल्याचं दिसतं, आतलं पॅकेट तेच होतं का हे कळत नाही. सुरक्षेच्या एका थराने दुसऱ्या थराचे डोळे बांधले.

पावसाची सर आली, सामान छत्रीखाली घेऊन पळालो. तेवढंच काम झालं.

२७ सप्टेंबर

मागच्या आठवड्यापासून एकाच गोष्टीवर चर्चा. आमच्या नोंदीत 'ऐकू आलं' आणि 'ऐकू आलं नाही' असे दोनच रकाने आहेत. तिसरा हवा: 'ऐकू येण्याची शक्यताच नव्हती'.

योसांग यांच्या व्यक्तिनिष्ठ तर्कशास्त्रात याची सोय तयार आहे. मत तीन भागांत: विश्वास r ÷ (r + s + २), अविश्वास s ÷ (r + s + २) आणि अनिश्चितता २ ÷ (r + s + २). तिघांची बेरीज १. पुरावा काहीच नसेल तर अनिश्चितता पूर्ण १. १८ नोंदी झाल्या की ०.१. एका आकड्यात ०.५ म्हणजे 'माहीत नाही' की 'अर्धा वेळ लबाडी' हे कळत नव्हतं, इथे ते वेगळं राहतं.

नवा नियम असा. मुदतीच्या काळात 'अ' चा रेडिओ स्वतः पाठवत असेल, दुसऱ्याचं काही घेत असेल, किंवा अर्धवट फ्रेम टाकून दिल्याची नोंद असेल, तर शांततेचा अर्थ लावायचा नाही. ती नोंद s मध्ये जात नाही, कुठेच जात नाही. हवा मोकळी होती आणि तरी काही आलं नाही, तरच s वाढतो. एनएस-३ मध्ये टाकलेल्या फ्रेमचा माग मिळतो. खऱ्या कार्डावर चॅनेल किती वेळ व्यग्र होता एवढंच मिळतं. अंदाजावर भागवावं लागेल.

जोडीदाराने लगेच भोक दाखवलं, आणि बरोबर दाखवलं: "मी हल्लेखोर असेन तर पॅकेट गिळताना मुद्दाम गोंगाट करीन. तुमच्या लेखी मी कायम अनिश्चित." म्हणून अनिश्चितता बराच काळ वर राहिली तर ऐकण्यावर विसंबायचं नाही, पोच मागायची. टूॲक पद्धत: 'क' ने दोन हॉप मागे, 'ब' मार्गे, 'अ' ला पोच द्यायची, सहीसकट. प्रत्येक पॅकेटला मागितली तर नेटवर्क पोचपावत्यांनीच भरेल, म्हणून फक्त अनिश्चित शेजाऱ्यांसाठी आणि काही ठरावीक पॅकेटांपुरती. २२ ऑगस्टची खोट्या पुढच्या हॉपची शंकाही इथे मिटते, कारण सही 'क' चीच लागते. पोच आली नाही तर दोष 'ब' चा की 'क' चा हे मात्र कळत नाही. त्यामुळे खूण नोडवर न करता ब–क या दुव्यावर करायची. 'ब' आणि 'क' दोघेही एकाच टोळीचे असतील तर हेही हरतं. मिलीभगतीवर आमच्याकडे उत्तर नाही.

८ ऑक्टोबर

नव्या नियमाने सगळ्या फेऱ्या पुन्हा. हल्लेखोर शून्य असतानाची परीक्षा आधी. गर्दीतले मधले नोड आता बदनाम होत नाहीत, त्यांची अनिश्चितता वाढते. एकामागून एक शेजारी पडण्याची साखळी थांबली. हे एवढं दिसल्यावर जोडीदारानेही मशीन लर्निंगचा विषय सोडला, निदान या सत्रापुरता.

हल्लेखोर घातल्यावर चित्र मिश्र आहे. निव्वळ ब्लॅकहोल जुन्या पद्धतीतही सापडत होता, आता थोडा उशिरा सापडतो, कारण बरीच शांतता आपण मोजतच नाही. ग्रेहोलमध्ये फायदा खरा आहे, कारण प्रामाणिकांचे गुण वर सरकल्याने मर्यादा वर नेता आली. सर्वांत कमी फायदा वेगवान हालचालीत. सेकंदाला ५ मीटरच्या आसपास शेजारी इतके झपाट्याने बदलतात की कोणाबद्दल १८ नोंदी जमायच्या आतच तो निघून जातो. तिथे शिफारशी लागतील. ३० ऑगस्टचा निर्णय मी तरीही बदलणार नाही. अहवालात तसं स्पष्ट लिहिलंय.

उशिराचा आलेख वगळावा का, असा प्रश्न आला. मॅडमनी तो पहिल्या पानावर घ्यायला लावला.

१५ ऑक्टोबर

अहवालाचा मसुदा दिला. 'मर्यादा' प्रकरण सगळ्यात लांब झालंय. वर्महोल त्यात आहे: दोन हल्लेखोर आपापसांत वेगळ्या तारेने जोडलेले, पॅकेट या टोकाला घेऊन त्या टोकाला जसंच्या तसं सोडतात. काही गिळत नाहीत, सही मोडत नाहीत, आमच्या पद्धतीत त्यांना उत्तम गुण मिळतात. त्यावर हू, पेरिग आणि जॉन्सन यांचा पॅकेट लीशचा उपाय आहे, पण त्याला जीपीएस किंवा अतिशय काटेकोर घड्याळं लागतात. ती आमच्या पायवर नाहीत.

पुढच्या गटासाठी फोल्डरची मांडणी: आधाररेषा, हल्लेखोरविरहित फेऱ्या, हल्ल्याच्या फेऱ्या, मैदानातले लॉग. यादृच्छिक बीज (तीच फेरी पुन्हा चालवता यावी म्हणून दिलेला आकडा) आणि फेरी क्रमांक प्रत्येक फाइलच्या नावात आहेत. टूॲकमधली सही सध्या नुसती लांबीपुरती भरलेली आहे, खरी पडताळणी नाही. तिचा बॅटरीवरचा खर्च मोजायचा राहिलाय. डोंगल लॅबच्या कपाटात, दुसऱ्या खणात. एकाचा अँटेना सैल आहे.